जनूकाकांची होडी पुन्हा पाण्यात: तारकर्ली ते कोरजाई

जनूकाकांचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात घरी मेथी निवडत बसले होते. काका फोनवर 'कशी आहेस, काय चाललंय' वगैरे कधीच विचारत नाहीत. "गो बाय, पुनवेच्या भरतीक होडी पाण्यात घालतंव. येतंस मा?" एवढंच म्हणाले. मी शेखरकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सगळं ऐकलं होतं, कारण काका फोनवरसुद्धा दुसऱ्या होडीतल्या माणसाशी बोलल्यासारखे बोलतात. "टायरची हवा बघून येतो," शेखर म्हणाला आणि किल्ली घेऊन बाहेर पडला. ठरलं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना जनूकाका आणि सुनंदामावशी माहीत आहेत. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. तारकर्लीच्या एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. काकांचं घर खाडीच्या बाजूला, माडांत. घराला लागून तीन खोल्या पाहुण्यांसाठी. आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा तिथे उतरलो आणि मग दुसरीकडे कुठे उतरलोच नाही. मावशींच्या हातचे आंबोळे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ यावर मी पूर्वी एक अख्खी पोस्ट लिहिली होती.

पर्यटक यायच्या आधी काका तर चालवायचे. तर म्हणजे खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी होडी. समोरचं गाव कोरजाई. काकांच्या वडिलांची तर वल्ह्यांवर चालायची, काकांनी पुढे डिझेल इंजिनाची लाकडी होडी करून घेतली. सुनंदामावशी कोरजाईच्या. लग्न होऊन याच पाण्यावरून आल्या, आणि सणावाराला माहेरी गेल्या त्याही काकांच्याच होडीतून. मग गावोगाव रस्ते झाले, दारात दुचाक्या आल्या, तर बंद पडली. होडी माडाखाली ओढून ठेवली ती ठेवलीच. आम्ही जायला लागलो तेव्हा तिच्याखाली कोंबड्या बसायच्या.

गेली काही वर्षं मावशी विसरायला लागल्या आहेत. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं. मग गॅस चालू राहू लागला. मग मुलीचं नाव आठवेना. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं नव्हतं, पण "बसा, चाय करतंय" म्हणाल्या होत्या. चहा काकांनी केला.

जाताना

आम्ही राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाटाने उतरलो. नोव्हेंबरात हा रस्ता फार सुंदर असतो. पाऊस संपलेला, दरीत अजून हिरवं, आणि दाजीपूरच्या जंगलात सकाळी खिडकी उघडली तर दात वाजतात. घाटातला रस्ता मधेमधे खराब आहे, रात्री उतरू नका. कणकवलीला मिसळ खाल्ली, कसालला वळलो आणि जेवायच्या वेळेला मालवणात पोहोचलो. बाजारातल्या एका साध्या खानावळीत सुरमईचं ताट चारशेच्या आसपास मिळालं. सोलकढी मागाल तितकी. डिसेंबर अखेरीस जाणार असाल तर खोली बरीच आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडीत झोपावं लागेल.

काकांच्या अंगणात गाडी शिरली तर होडी समोरच! मी ओळखलीच नाही. निळा रंग, काठाला पांढरी पट्टी. कुजलेल्या फळ्या काढून फणसाच्या नव्या घातलेल्या, फटींमध्ये कापसाचे पीळ ठोकून बसवलेले, आणि तळाला काजूच्या टरफलांचं तेल. त्याचा उग्र वास अंगणभर होता. इंजिन कुडाळहून दुरुस्त होऊन आलेलं. वर्षभर काका त्या होडीच्या मागे लागले होते.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर एक गाठोडं. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तर इली काय गो?"

"अजून नाही मावशी."

"आवस वाट बघीत आसतली माझी." आवस म्हणजे आई. मावशींची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

काका मला बाजूला घेऊन गेले. रोज ऊन कललं की मावशी कपड्यांचं गाठोडं बांधतात आणि धक्क्यावर जाऊन बसतात. घरी जायचंय म्हणतात. घर म्हणजे कोरजाई. सुनंदा म्हटलं तर आता वळूनही बघत नाहीत. सुनंदा हे लग्नातलं नाव. माहेरचं नाव शेवंती, त्याला 'ओ' देतात. काकांच्या तोंडात आयुष्यभर 'सुनंदा' बसलेलं.

"मग रिक्षाने नेऊन आणायचं ना एकदा," शेखर म्हणाला.

"न्हेललंय मा," काका म्हणाले. रस्त्याने कोरजाई म्हणजे मालवणवरून नेरूरपारच्या पुलापर्यंत वर जायचं आणि पलीकडच्या काठाने पुन्हा खाली यायचं. मोठाच वळसा. पुलावर रिक्षा आली आणि मावशी रडायला लागल्या. ही वाट माझी न्हय, माका खंय व्हरतास, म्हणून ओरडायला लागल्या. लोक जमले. एका दुचाकीवाल्याने रिक्षा अडवून काकांनाच विचारलं, या बाईला कुठे पळवून नेताय? "माझी बायल आसा, असा सांगलंय," काका म्हणाले. "तर ती म्हणता, माझो कोण नाय ह्यो."

मग त्यांनी पर्यटकांना फिरवणारी फायबरची बोट ठरवली. वर ताडपत्रीचं छत, केशरी जाकिटं, स्पीकरवर गाणी. मावशींनी तिच्यात पायही ठेवला नाही. ही आमची तर न्हय, म्हणाल्या.

त्या दिवशी घरी परतल्यावर काकांनी माडाखालच्या कोंबड्या हुसकल्या आणि होडी उलटी करून बघितली.

होडी घातली तो दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनवेची भरती चढली. आजूबाजूची दहाबारा माणसं आली. माडाचे ओंडके आडवे टाकले, होडीला पुढून दोर बांधला. काकांनी होडीच्या नाकाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही होडी परत तुझ्या पाण्यात सोडतंव. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. आणि हिच्यात जा कोण बसात, तेका तेच्या घराक सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम म्हणाले.

नारळ फुटला. दोर ताणला. होडी आधी हलेचना, मग एकदम ओंडक्यांवरून घसरली आणि पाण्यात गेली. माणसं ओरडली, शिट्ट्या झाल्या. मी फोटो काढण्यात गुंग होते, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मावशी. खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तर इली!" त्या म्हणाल्या. "इली गो तर!"

काठावरून सरळ पाण्यात चालायला लागल्या, लुगडं भिजतंय याचंही भान नाही. काकांनी धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं. मावशींनी हात झटकला. "सोडा. लोक बघतत," त्या हळूच म्हणाल्या, लग्न न झालेल्या मुलीने म्हणावं तशा. काकांनी हात सोडला आणि नुसते शेजारी चालत राहिले, पडल्या तर धरता यावं म्हणून.

लगेच निघता येणार नव्हतं. इतकी वर्षं सुकलेलं लाकूड आधी पाणी पितं, फुगतं, मग फटी आपोआप मिटतात. तोवर होडीत पाणी येतच राहतं. मावशींना हे समजावताना त्यांच्या मुलीचा वसईहून फोन आला. काकांनी तिला होडीची बातमी सांगितली. तिने विचारलं असावं, आई काय म्हणतेय, कारण काका म्हणाले, "खुशीत आसा. मी इतक्या वर्सांत बघूक नाय, इतकी."

कोरजाईला

सकाळी काकांनी डब्याने होडीतलं पाणी उपसलं. फार नव्हतं. असं ठरलं की काका, मावशी आणि मी होडीने जायचं, दुपारचं जेवून भरती असेपर्यंत परतायचं. मावशींना परत होडीत बसवणं जमलं नाही तर असावी म्हणून शेखर गाडी घेऊन पुलावरून वळसा घालून येणार. मावशींच्या गोळ्या आणि कपडे गाडीत ठेवले.

मावशी आमच्या आधी धक्क्यावर उभ्या होत्या. डोक्यात अबोलीची वेणी, कुठून मिळवली देव जाणे. काकांनी हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि मग टकटकटक सुरू झालं. त्या आवाजासरशी मावशी इतक्या सहज होडीत चढल्या की मी बघतच राहिले. नेमक्या पुढच्या आडव्या फळीवर जाऊन बसल्या. काका मागे सुकाणूपाशी.

पाण्यावर अजून धुकं होतं. दोन्ही काठांना माड, मधे बगळे बसलेला एक वाळूचा पट्टा. मावशींनी हात पाण्यात सोडला होता. इतक्या वर्षांत त्या मला कधी गप्पिष्ट वाटल्या नव्हत्या, आणि आता बोलणं थांबत नव्हतं. आवशीन आंबोळे केले असतील. गाय व्याली असेल. मग माझ्याकडे सरकल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "कोणाक सांगा नको. माझा लगीन ठरता हा."

"कोणाशी हो?"

"तरवाल्याचो झील. तारकर्लेचो." झील म्हणजे मुलगा.

मागे वळून बघायचा धीर झाला नाही. "कसा आहे?" मी विचारलं.

"बरो आसा." त्या लाजल्या, खरंच लाजल्या. "पण बोलणा कमी. माझ्याकडे बघता तेवा तेचा वल्हा चुकता."

"काय म्हणता गो ती?" काका इंजिनाच्या आवाजावर ओरडले.

"नंतर सांगते!" मी ओरडले.

कोरजाईच्या पायऱ्यांवर मावशींची वहिनी उभी होती. भाऊ गेला, मुलं मुंबईला, घरात ही एकटीच. वाकलेली, पांढऱ्या केसांची. "शेवंते, इलंस गो?" तिने हाक मारली.

"आये!" मावशी म्हणाल्या.

वहिनीने एकदा काकांकडे पाहिलं. मग मावशींचा हात धरून म्हणाली, "इलंस? चल, पाय धू."

मावशी दोन पायऱ्या चढून गेल्या, मग थांबल्या, वळल्या. काका खाली दोर बांधत होते. "तांडेलानू," मावशींनी हाक मारली. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, आणि हाडणं म्हणजे आणणं. "देव तुमचा बरा करो. किती दिस कोण हाडी नाय होता माका."

काकांनी मान हलवली. दोर बांधून झाला होता तरी ते बराच वेळ गाठीशी वाकलेले होते.

घर जुनं, मातीचं, पण सारवलेलं. मावशी या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या, भिंतींना हात लावत होत्या. काका खळ्यात, म्हणजे अंगणात, बसले. "तांडेलांक पाणी दी मगे," मावशींनी आतून सांगितलं, आणि वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काका परक्या माणसासारखे ओंजळीने पाणी प्यायले. आंबोळे खरंच केलेले होते. मावशींनी पोटभर खाल्लं. घरी त्यांना घास घास भरवावा लागतो, असं काका म्हणाले होते. जेवून त्या वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या.

तोवर शेखर गाडी घेऊन पोहोचला. दुपार कलली. मावशी उठल्या तेव्हा काका दारात जाऊन उभे राहिले.

"चल सुनंदा. भरती उतारता हा."

मावशी वहिनीच्या मागे लपल्या. "हे कशाक बोलवतत माका?"

"शेवंती," काका म्हणाले. या नावाने त्यांनी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "घराक जावया."

"ह्याच घर माझा!" मावशी थरथरायला लागल्या. "आये, ह्यांका सांग, मी येवचंय नाय. माझा अजून लगीन नाय झाला. मी कशी जातलंय परक्या माणसावांगडा?"

काका एक पाऊल पुढे आले आणि मावशी किंचाळल्या. काका जागीच थांबले. शेखर हळूच म्हणाला, गाडीतून नेऊ या का? मला तो पूल आठवला, रिक्षा अडवणारी माणसं आठवली. काकांनी मान हलवून नाही म्हटलं.

"भावजीनू," वहिनी म्हणाली, "रवांदे तिका हंय. माका पण सोबत होईत."

काकांनी अंगणात एक चक्कर मारली. मग गाडीतून औषधांची पिशवी काढून आणली आणि वहिनीला एकेक गोळी दाखवून सांगायला लागले, ही सकाळची, ही जेवणानंतर, ही झोपताना, पण गुळाबरोबर द्यायची, नाहीतर थुंकते. अंघोळीचं पाणी फार कढत नको. केस विंचरताना डावीकडून सुरुवात करायची, उजवीकडून केली तर चिडते. सगळं सांगून झाल्यावर थोडे थांबले, अजून काही राहिलंय का आठवत. मग म्हणाले, "रवांदे."

मावशी खिडकीतून बघत होत्या. माणूस निघाला हे बघून त्यांचा चेहरा सैल झाला.

परतताना

शेखर गाडीने गेला. मी काकांबरोबर होडीत बसले, ते एकटे जाऊ नयेत म्हणून. पुढच्या फळीवर बसवेना, मधेच बसले. खाडीच्या मध्यावर काकांनी इंजिन बारीक केलं.

"काय सांगी होती ती?"

मी सगळं सांगितलं. लगीन ठरतंय, तरवाल्याचा झील, बोलणं कमी. वल्ह्याचंही सांगितलं.

काका हसले. "चुकायचा. खरा आसा ता." आणि मग सुकाणूवरचा हात न काढता त्यांनी दुसऱ्या हाताने पंचा तोंडाला लावला. होडी थोडी वाकडी गेली. मी काठाकडे बघत बसले. दुसरं काय करणार?

त्या संध्याकाळी, ऊन कललं की मावशी जशा जायच्या, तसे काका जाऊन धक्क्यावर बसले. मी चहा नेऊन दिला. गावातलं कुणीतरी जाता जाता म्हणालं, "जनूभाऊ, होडी मस्त झाली हा!" काका म्हणाले, "झाली मा."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. काकांनी खोलीचं भाडं घेतलं नाही, उलट कोकमांची पिशवी गाडीत टाकली. दाजीपूरला चहाला थांबलो तेव्हा शेखर म्हणाला, "मला विसरलीस तर काय करशील?" मी म्हटलं, मी विसरल्यावर मी काय करणार, जे काय ते तू करशील. तो हसला नाही.

तुमच्यापैकी अनेकजण विचारतील, म्हणून: तारकर्लीला दोन दिवस पुरतात, कोरजाईला फायबरच्या बोटी जातात, भरतीची वेळ आधी विचारून घ्या. या पोस्टबरोबर होडीचेच फोटो टाकलेत. मावशींचा टाळ्या वाजवतानाचा एक आहे माझ्याकडे, तो नाही टाकला. मी अजून ठरवू शकलेले नाही की त्या दिवशी जे झालं ते चांगलं की वाईट. वर्षभर खपून काकांनी जे करायचं ठरवलं होतं ते अगदी तसंच झालं. बाईला घरी जायचं होतं, ती घरी पोहोचली. मी मेथी निवडता निवडता थांबते अजून, त्या पायऱ्यांवरचं "तांडेलानू" आठवून.

त्या दिवसाला आता दोन महिने होत आले. मावशी कोरजाईलाच आहेत. पोटभर जेवतात, गाठोडं बांधत नाहीत. परवा मी काकांना फोन केला. भरती बघून ते रोज होडी घेऊन जातात, वहिनीला मासे देतात आणि खळ्यात थोडा वेळ बसतात. मावशी आता घाबरत नाहीत. तांडेल आला म्हणून स्वतः पाणी आणून देतात, समोर बसून गप्पाही मारतात.

"काल माका इचारूक लागली," काका म्हणाले. "तांडेलानू, तुमका बायल आसा काय?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगलंय, आसा. म्हायेराक गेली आसा." मागे वारा ऐकू येत होता. "तर म्हणता कशी, मगे हाडूक कशाक जाणास नाय तिका? मी म्हटलंय, जातंय मा. रोज जातंय."

तिकडे इंजिनाची टकटक सुरू झाली. भरती लागली, निघतंय गो, असं ओरडून त्यांनी फोन ठेवला.